फळी, शीड आणि माणूस

कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंतातल्या या व्यासपीठावर येऊन पगार, बोनस आणि संप हे विषय सोडून समुद्रावरच्या एका खेळाविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी अनेकांना नवल वाटेल. ते साहजिक आहे. आम्ही स्वतः त्या खेळात कधी उतरलो नाही आणि या वयात उतरण्याची शक्यताही नाही. तरीसुद्धा हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. तो का निवडला, हे शेवटी सांगू. आधी तो आमच्यापुढे कसा आला ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी संघटनेच्या एका बैठकीसाठी आम्ही गोव्यास गेलो होतो. सायंकाळी किनाऱ्यावर फिरत असता वाळूवर ओळीने मांडलेल्या दहाबारा फळ्या दिसल्या. एखादी दाराच्या फळीसारखी रुंद, एखादी इतकी अरुंद की तिच्यावर माणूस उभा कसा राहत असेल असे वाटावे. शेजारी लहानमोठी शिडे पडली होती. त्यांची राखण करणाऱ्या तरुणाला आम्ही सहज विचारले, “काय रे बाबा, यातली सगळ्यात चांगली फळी कोणती?” तो हसून म्हणाला, “काका, तुमचं वजन किती? वारा कसला असताना जाणार? आणि आधी कधी फळीवर उभे राहिला आहात का?” आमच्या एका प्रश्नावर त्याने तीन प्रश्न केले आणि आमचा मूळ प्रश्नच चुकीचा होता हे आमच्या ध्यानात आणून दिले. परत आल्यावर या खेळाचा इतिहास मिळेल तेथून आम्ही वाचला. आमचे शाळेचे शिक्षण बेताचेच. जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता आपण हे ऐकावे.

या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. साध्या होडीत डोलकाठी घट्ट रोवलेली असते, शीड दोरांनी बांधलेले असते आणि दिशा बदलण्यासाठी सुकाणू असते. येथे तसे काहीच नाही. फळीच्या मध्यावर एक सांधा असतो. मोटारदुरुस्तीच्या कामातल्या मंडळींना युनिव्हर्सल जॉइंट ठाऊक आहे. त्याच जातीचा हा सांधा. त्यावर डोलकाठी चारी दिशांना झुकते आणि फिरते. ती उभी ठेवणारा दोर म्हणजे माणसाचे दोन हात. शीड पुढे झुकवले की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकवले की वाऱ्याकडे वळते. म्हणजे डोलकाठीचा आधारही माणूसच आणि सुकाणूही माणूसच. यंत्राचा निम्मा भाग माणसाच्या अंगाने पुरा करायचा, ही या कल्पनेची खुबी आहे. म्हणूनच माणूस बदलला की यंत्र बदलावे लागते, हेही ओघाने आलेच.

ही युक्ती प्रथम कोणी काढली, याचा वाद कोर्टापर्यंत गेला. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेलिंग नावाचे बेट आहे. तेथे १९५८ साली पीटर चिल्व्हर्स नावाच्या बारा वर्षांच्या मुलाने घरच्या घरी एक फळी तयार केली आणि तिला हातात धरायचे शीड जोडले. पुढे १९६४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात न्यूमन डार्बी या पाट्या रंगवणाऱ्या कारागिराने स्वतंत्रपणे तसलाच प्रयोग केला. त्याचे शीड पतंगासारखे चौकोनी होते आणि चालवणारा शिडाला पाठ लावून उभा राहत असे. १९६५ साली एका लोकप्रिय विज्ञान मासिकात त्याने या खेळाची माहिती व आकृत्या प्रसिद्ध केल्या. त्यानंतर कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हा विमानांचा अभियंता आणि हॉइल श्वाइट्झर हा व्यावसायिक, या दोघांनी १९६७ साली आपली फळी पाण्यात उतरवली. त्यांनी त्रिकोणी शीड घेतले आणि त्याच्या दोन्ही अंगांना धनुष्यासारखा वाकवलेला दांडा लावला. त्या दांड्याला बूम म्हणतात. तो धरून माणूस कोणत्याही बाजूला उभा राहू शकतो. १९६८ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० साली ते त्यांना मिळाले. पुढे ड्रेकने आपला वाटा श्वाइट्झरला विकून टाकला.

धंदा वाढला तसे पेटंटचे मोल वाढले आणि फळ्या बनवणाऱ्या इतर कंपन्यांवर दावे लागले. इंग्लंडमध्ये असा एक दावा टाबुर मरीन या कंपनीविरुद्ध चालला. तेथे बचावासाठी पुढे काय आले? त्या बारा वर्षांच्या मुलाची फळी! वादीचे म्हणणे असे की, मुलाच्या शिडाचे दांडे सरळ होते, आमचे वाकवलेले आहेत, म्हणून आमचा शोध नवा. पण वारा भरताच मुलाच्या त्या सरळ काठ्याही ताणाने वाकत आणि आपोआप धनुष्याचा आकार घेत. मुलाने हे सारे उघड्या किनाऱ्यावर, चारचौघांदेखत केले होते. डार्बीचा लेखही सर्वांना वाचायला खुला होता. अपील न्यायालयाने १९८० च्या दशकात निकाल दिला आणि इंग्लंडपुरते ते पेटंट रद्द झाले. आम्हाला यात इतकेच सांगायचे आहे की, फळीचे ज्ञान फळी वापरणाराच्या हातात आधी येते. कागदावर ते मागाहून उतरते. पुढच्या इतिहासातही हेच पुन्हा दिसेल.

श्वाइट्झरने बाजारात आणलेली फळी एकच होती. लांबी बारा फूट, रुंदी सुमारे दोन फूट, मध्यभागी पाण्यात खाली सोडायचे एक मोठे पाते आणि वर सुमारे ५६ चौरस फुटांचे शीड. पॉलिएथिलीनची असल्याने ती दणकट होती आणि एकसारखी हजारोंनी काढता येत होती. युरोपात हॉलंडच्या टेन काटे या कापडगिरणीच्या कंपनीने परवाना घेऊन तिचे उत्पादन सुरू केले आणि १९७० च्या दशकात तिकडे या खेळाची लाट आली. सर्वांना एकच फळी, एकच शीड. तेव्हा जो जिंकेल तो आपल्या कौशल्याने जिंकेल, असा त्यामागचा विचार. विचार सुंदर होता. श्रीमंताने महाग फळी आणून गरिबाला हरवू नये, ही त्यातली भावना आमच्यासारख्याला पटणारीच आहे.

पण निसर्ग या विचाराला राजी नव्हता. वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा नॉटचा वारा वीस नॉटचा झाला तर तेच शीड चौपट जोराने ओढू लागते. सकाळी जे शीड अपुरे, ते दुपारी अनावर. आणि त्या ओढीला तोलून धरायला माणसाजवळ काय असते? स्वतःच्या अंगाचे वजन. नव्वद किलोचा गडी मागे रेलून जे शीड आवरतो, ते पंचावन्न किलोच्या मुलीला उचलून फेकते. उलट मंद वाऱ्यात तीच मुलगी भरभर पुढे जाते आणि गडी मागे राहतो. तेव्हा त्या एका फळीच्या शर्यती लावणाऱ्यांनाच अखेर खेळाडूंचे वजनाप्रमाणे गट पाडावे लागले. फळी सारखी ठेवली, तेव्हा माणसे वेगळी करावी लागली!

दुसरा मार्ग हवाई बेटांवर सापडला. ओआहू बेटावरील कैलुआ येथे वारा जोराचा आणि लाटा मोठ्या. तेथल्या तरुणांना बारा फुटी फळी लाटेवरून उडवायची होती, पण उडी घेताच पाय सुटत. १९७७ च्या सुमारास लॅरी स्टॅनली आणि त्याच्या सोबत्यांनी फळीवर पाय अडकवण्यासाठी पट्टे बसवले. पट्टा म्हणजे काय मोठा शोध, असे कोणी म्हणेल. पण त्या पट्ट्याने सारा हिशेब पालटला. पाय पक्के झाल्यावर पायानेच फळी कलवता आणि वळवता येऊ लागली. लांबीची गरज उरली नाही, मधले मोठे पातेही नकोसे झाले. मग ज्याने त्याने आपल्या वजनाला आणि आपल्या किनाऱ्याला जुळेल अशी आखूड फळी स्वतः घडवायला सुरुवात केली. याच कैलुआतला रॉबी नाइश १९७६ साली बहामा बेटांवरच्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरला होता, तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा होता. पुढे आखूड फळ्यांच्या या नव्या युगाचा तोच नायक झाला.

आता फळी निवडावी कशी, हे थोडे तपशिलाने सांगतो. कारण या विषयाचे खरे मर्म तेथे आहे.

पहिला हिशेब तरंगण्याचा. फळीचे आकारमान लिटरमध्ये सांगतात आणि एक लिटर म्हणजे सुमारे एक किलो भार तोलण्याची ताकद, हे आर्किमिडीजचे जुने गणित. माणूस सत्तर किलोचा. फळी, डोलकाठी आणि शीड मिळून आणखी पंधरावीस किलो. म्हणजे नव्वद लिटरची फळी त्याला जेमतेम तोलील. शिकाऊ माणसाला तेवढ्यावर उभे राहणे अशक्य. त्याला १६० ते २०० लिटरची, चांगली रुंद फळी द्यावी. म्हणजे तो पडेल, पण पुन्हा चढू शकेल. उलट लाटांवर खेळणारा सत्तर किलोचा वाकबगार माणूस ऐंशी लिटरच्या आतबाहेरची फळी घेतो. ती थांबली की बुडू लागते. तो पाण्यात आडवा होऊन शीड वाऱ्यात धरतो आणि शीडच त्याला उचलून फळीवर उभे करते. एकदा वेग आला की लिटरांचे महत्त्व उरत नाही. चपटा दगड पाण्यावर तिरका फेकला तर तो बुडण्याआधी टप्पे घेत जातो, तशी फळी पाण्याच्या पाठीवरून घसरू लागते. तेव्हा आकारमानापेक्षा तळाचा पृष्ठभाग काम करतो.

दुसरा हिशेब शिडाचा. सत्तर किलोच्या माणसाला दहा नॉटच्या वाऱ्यात फळी घसरवायची तर साडेआठ ते नऊ चौरस मीटरचे शीड लागते. पंधरा नॉटला साडेसहाच्या आसपास पुरते, वीस नॉटला पाच आणि पंचवीसच्या वर वारा गेला की चार-साडेचार. नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. माणूस वजनदार असेल तर हे आकडे वाढतात, हलका असेल तर घटतात.

तिसरा आणि सर्वांत चुकणारा हिशेब म्हणजे शीड आणि फळीची रुंदी यांची सांगड. मोठे शीड फळीला बाजूला जोराने ओढते. ती ओढ पाण्यात अडवण्यासाठी शेपटीखाली लांब पाते लागते. त्याला फिन म्हणतात. लांब फिन फळीला कलंडवू पाहते. तिला दाबून धरायचे तर पाय मध्यरेषेपासून दूर, कडेजवळ पाहिजेत. म्हणून फळी रुंद पाहिजे. पहारीने दगड उचलणाऱ्या कोणाही मजुराला हे पुस्तकावाचून कळते. टेकूपासून हात जितका दूर, तितका जोर अधिक. तेव्हा चार ते साडेपाच मीटरच्या शिडाला साठ सेंटिमीटरच्या आतबाहेरची फळी शोभते. सहा ते साडेसात मीटरला सत्तरच्या घरातली. आठ-नऊ मीटरला ऐंशी-पंच्याऐंशीची. रुंद फळीवर लहान शीड लावून जोराच्या वाऱ्यात गेलात तर ती प्रत्येक लाटेवर आपटते आणि आवरत नाही. अरुंद फळीवर मोठे शीड चढवले तर ते शीड फळीच्या छातीवर बसते आणि दोघेही पाण्यात.

चौथा हिशेब पाण्याचा. शांत पाण्यावर सरळ तळाची फळी वेगाने जाते. लाटांत तळाला नौकेसारखा बाक हवा. वेग थोडा घटतो, पण फळी वळते आणि तिचे नाक पाण्यात रुतत नाही. आणि शेवटी पाचवा हिशेब, जो दुकानात कोणी सांगत नाही. आपल्या किनाऱ्यावर वर्षातले बहुतेक दिवस जो वारा वाहतो त्यासाठी फळी घ्यावी. वादळाची स्वप्ने पाहून घेऊ नये. आपल्या कोकण-गोव्याकडे हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत दुपारनंतर जे खारे वारे सुटतात, ते बहुधा मध्यमच असतात. तेथे हवाईची अरुंद फळी घेऊन बसणारा माणूस पाण्यात कमी आणि वाळूवरच अधिक दिसेल.

श्रोतेहो, हा सल्ला साधा आहे. पण खुद्द धंद्यालाच तो काही काळ विसरायला झाला. १९८० च्या दशकापासून कारखानदारांनी विजेत्या खेळाडूंच्या फळ्यांकडे पाहून माल काढला. फळी वर्षागणिक आखूड, अरुंद आणि महाग होत गेली. जाहिरातीत लाटेवर उडणारा वीर दिसे आणि ती फळी घरी आणणारा साधा कारकून किंवा शिक्षक तिच्यावर उभाही राहू शकत नसे. लोक या खेळापासून दूर गेले, त्याचे हे एक मोठे कारण मानले जाते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उलटा विचार सुरू झाला. त्यात पुढाकार घेणाऱ्यांत तोच जिम ड्रेक होता. स्टारबोर्ड कंपनीच्या स्वेन रासमुसेनबरोबर त्याने आखूड पण खूप रुंद फळ्या घडवल्या. त्यातून शर्यतीसाठी एक मीटर रुंदीपर्यंतच्या फळ्या आल्या, बारा मीटरपर्यंतची शिडे मंद वाऱ्यातही त्यांना पळवू लागली आणि शिकाऊ लोकांनाही पाय रोवायला जागा मिळाली. दुसऱ्या टोकाला आफ्रिकेतील नामिबियाच्या लुडेरिट्झ येथे मुद्दाम खणलेल्या चरात फ्रान्सच्या आंत्वान आल्बो याने अगदी अरुंद फळीवर २०१५ साली ५३.२७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९९ किलोमीटर वेग गाठला. दोन्ही फळ्या उत्तम. पण एकीचे काम दुसरी करू शकत नाही.

ऑलिंपिक खेळांत मात्र सारखी फळी कायम राहिली. १९८४ साली लॉस एंजलिसच्या खेळांत विंडग्लायडर नावाच्या फळीवर पहिली शर्यत झाली आणि हॉलंडचा स्टीफन व्हॅन डेन बर्ग जिंकला. १९९२ मध्ये बार्सेलोना येथे स्त्रियांची शर्यत निराळी झाली. १९९६ ते २००४ या काळात मिस्ट्रल नावाची फळी होती. तिच्यावर १९९६ साली ली लाय-शान हिने हाँगकाँगला आणि २००४ साली गाल फ्रीडमन याने इस्राएलला त्यांच्या इतिहासातले पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. २००८ पासून आर.एस.एक्स. ही रुंद फळी आली. तिच्यात पुरुषांना ९.५ आणि स्त्रियांना ८.५ चौरस मीटरचे शीड. याच जातीच्या फळीवर आपल्या इबाद अलीने २०२३ मध्ये हांगझो येथील आशियाई खेळांत कांस्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मार्सेयच्या समुद्रात फळीखाली पंख लावलेला प्रकार आला. वेग येताच हा पंख फळीला पाण्याच्या वर उचलतो आणि पाण्याचा अडथळा बराच कमी होतो. त्यात शिडे ९ आणि ८ मीटरची. म्हणजे सर्वांना एकच, हा नियम ऑलिंपिकनेही स्त्री-पुरुषांपुरता सोडला. परंतु एकाच शर्यतीतल्या हलक्या आणि वजनदार खेळाडूंना आजही एकाच मापाचे शीड मिळते. ठरलेल्या शिडाला जुळेल असे अंग खेळाडूनेच घडवायचे.

आता आम्ही हा विषय का घेतला, ते सांगण्याची वेळ आली.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची संघटना होती. लहान सुटे भाग जोडण्याचे काम; निम्म्याहून अधिक स्त्रिया. जुनी टेबले मोडकळीला आली होती आणि काहींना नवी, काहींना जुनी असा पक्षपात चाले. आम्ही मागणी केली, सर्वांना एकसारखी नवी टेबले द्या. वाटाघाटी झाल्या, मागणी मान्य झाली, गेटवर पेढे वाटले. महिन्याभराने एक बाई कचेरीत आल्या. उंचीने लहान, कामात सर्वांत चलाख. त्यांचे खांदे भरून आले होते. नव्या टेबलापर्यंत हात पुरावेत म्हणून त्यांनी पायाखाली खोक्याची एक फळी ठेवली होती. ती नियमात बसत नाही म्हणून पर्यवेक्षकाने काढून टाकली होती. त्या म्हणाल्या, “भाऊ, टेबलं सारखी आणलीत ते चांगलं केलंत. पण आम्ही साऱ्याजणी सारख्या उंचीच्या आहोत का, ते विचारायला आला नाहीत.”

त्या वेळी आम्ही मालकाकडे बोट दाखवू शकलो नाही. टेबलाची मागणी आमची, माप न विचारण्याची चूकही आमची. पुढच्या करारात आम्ही उंची कमीजास्त करता येणाऱ्या टेबलांची आणि पायाखालच्या फळ्यांची मागणी घातली. माप मात्र या खेपेस आम्ही ठरवले नाही. एक दिवस टेप घेऊन साऱ्या खात्यातून फिरलो आणि जिची तिने सांगितलेली उंची वहीत लिहून घेतली. त्या बाईंनी पहिल्या पानावर आपले माप स्वतःच्या हाताने लिहिले.

गोव्याच्या किनाऱ्यावर त्या पोराने तीन प्रश्न केले, तेव्हा आम्हाला ती वही आठवली. सारखेपणा आणि समता या दोन गोष्टी एकच आहेत असे आम्ही अनेक वर्षे धरून चाललो होतो. पक्षपात मोडण्यासाठी सारखेपणाची मागणी करावीच लागते. ती आजही आम्ही सोडलेली नाही. श्वाइट्झरच्या एका फळीमागेही तीच चांगली भावना होती. पण तेवढ्यावर थांबले तर हलक्या माणसाला वारा फेकून देतो आणि ठेंगण्या बाईचे खांदे भरून येतात, आणि मग दोष त्यांच्याच अंगाला दिला जातो. प्रत्येकाला उभे राहता येईल अशी फळी मिळाली, तर त्याला आम्ही समता म्हणू.

आपल्यापैकी कोणी शाळा चालवतात, कोणी दुकान, कोणी कारखाना. कोणाच्या घरी ओट्यापाशी दिवसाचे चार तास उभे राहणारी सून असेल. घरी गेल्यावर एकदा त्या ओट्याची उंची पाहा, आणि ती ठरवताना कोणाला विचारले होते ते आठवा. आम्हाला आज सांगायचे होते ते इतकेच.